बाई मोकळ्या आहेत

लीड्स, १४ जानेवारी

प्रिय बेल,

त्या सोमवारी सकाळी मी काय केलं ते तुला तुझ्या भावाकडूनच कळावं म्हणून लिहितो. फोनवर तू मला एकही वाक्य पुरं करू दिलं नाहीस.

नेहमीसारखंच बसमध्ये त्या दिवसाचं स्तोत्र वाचलं. चेंबर उघडलं, किटली ठेवली, आलेले निरोप पाहिले. आमचे सर्वांत वडीलधारे बॅरिस्टर मिस्टर पेल यांचा हल शहरातला खटला लांबला होता, म्हणजे त्यांचं ब्रॅडफर्डचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घालायला हवं होतं. एकाची गाडी बंद पडली होती, एकीला ताप होता. माझ्या हाताखालची जॅनिस आली आणि कोट न काढताच म्हणाली, "कोणी मेलं नाही ना अजून? मग ठीक चाललंय." आमच्या खोलीतली सकाळ अशीच असते. बॅरिस्टर कोर्टात उभे राहतात. कोण, कुठल्या कोर्टात, कुणासाठी, हे आम्ही कारकून जुळवतो.

मग रेनर सॉलिसिटरांचा फोन आला. "ऑल्विन, तुझ्याच गावाकडचं प्रकरण आहे, हेल्मर्बीचं. सग्डनचा पोरगा, कर्टिस. चर्चच्या छतावरचे शिशाचे पत्रे चोरले आणि वर मनुष्यवधाचा आरोप. मला त्याच्यासाठी तुमच्या बॅरिस्टर मिस ओडुया हव्यात. जूनमध्ये मोकळ्या आहेत का?"

समोर डायरीत जून महिना होता. मिस ओडुयांच्या नावापुढे काही नव्हतं.

"मोकळ्या आहेत," मी म्हणालो.

मी केलं ते एवढंच.

तू म्हणालीस, "तुला कुठं मोठं खोटं बोलायचं होतं? 'आहेत'च्या जागी 'नाहीत' म्हणायचं, बस." पण बेल, आमच्या धंद्यात तेच सगळ्यांत मोठं खोटं आहे. स्टेशनाबाहेर टॅक्सींची रांग असते ना, तसा आमचा नियम आहे. पुढचा टॅक्सीवाला गिऱ्हाइकाचं तोंड बघून ठरवू शकत नाही. दारुडा येवो की पाळक, दार उघडायचं. बॅरिस्टर मोकळा असेल आणि काम त्याच्या हातातलं असेल, तर त्याने ते घ्यायचं. नाहीतर ज्याच्यावर सगळं गाव थुंकतं त्याच्यासाठी कोण उभं राहील?

यावर तू जे म्हणालीस ते मला झोंबलं. "टॅक्सीवाला कुठं आहेस तू? तू नुसता रांगेजवळ उभा राहून हाका मारणारा."

आर्नल्ड लम माझेही होते, बेल. रविवारच्या शाळेत मला वेदीवरच्या मेणबत्त्या लावायला त्यांनीच शिकवलं. चर्चची किल्ली त्यांच्या कमरेला नसलेली मला आठवतच नाही. त्या ऑक्टोबरच्या संध्याकाळी ते कुलूप लावायला गेले, भिंतीला शिडी दिसली, वर चढले आणि पडून वारले. शिडी कर्टिसने ढकलली असं गाव म्हणतं. तूही म्हणतेस. ढकलली असेल किंवा नसेल. ते ठरवायला ज्यूरीची बारा माणसं बसतील. आपल्याला कुणी नेमलेलं नाही.

उत्तर पाठव.

तुझा,
ऑल्विन


लीड्स, ३ फेब्रुवारी

प्रिय बेल,

तुझं उत्तर नाही. मागच्या पत्रातली एक गोष्ट दुरुस्त करायची राहिली आहे. 'मोकळ्या आहेत' हे मी लगेच म्हणालो असं तुला वाटलं असेल, कारण मी लिहिलंच तसं. लगेच नाही म्हणालो. "पाहून सांगतो," म्हणालो आणि फोन ठेवला. पाहण्यासारखं काही नव्हतं. जून समोर उघडाच होता.

खाली उतरून कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये जाऊन बसलो. आत एक बाई बाकं पुसत होती. ती म्हणाली, "पाय वर घ्या, राजा." पाय वर घेऊन प्रार्थना करायची मला सवय नाही. परत आलो तर रेनरांचाच दुसऱ्यांदा फोन आला होता. मग सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी मिस्टर पेल यांच्या खोलीत गेलो आणि हेल्मर्बी माझं गाव आहे, मेलेला माणूस माझ्या ओळखीचा होता, हे सांगितलं.

त्यांनी चष्मा कपाळावर नेला. "किती ओळखीचा? नात्यातला?"

"नाही सर."

"सोयरीक वगैरे?"

"नाही सर."

"मग सग्डनच्या कागदांना तू हात लावायचा नाहीस. ते जॅनिस बघेल. आणि गावी कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. जमेल?"

"सोळाव्या वर्षापासून तेच करतोय, सर."

ते हसले. "हो, तुझ्यावर एक कुलूप लावून किल्ली नदीत टाकलीय असं माझी बायको म्हणते."

तेव्हापासून कर्टिसचे कागद जॅनिसच्या मागच्या फळीवर आहेत. बचावाच्या कागदांना आमच्याकडे गुलाबी फीत बांधतात, फिर्यादीच्या कागदांना पांढरी. फळीवर दोन्ही रंग शेजारी शेजारी पडलेले असतात. मी त्या फळीकडे पाठ करून बसतो. जॅनिस म्हणते, "खुर्ची फिरवलीत ते बरं केलंत. आता तुमचं टक्कल मला सबंध दिवस दिसतं."

मिस्टर पेल यांना मी खोटं सांगितलं नाही. त्यांनी विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. या दोन गोष्टी एक नाहीत हे मला कळतं.

तुझा,
ऑल्विन


लीड्स, १० एप्रिल

प्रिय बेल,

तुझं कार्ड मिळालं. 'ईस्टरला येऊ नकोस. फुलांचं मी बघेन.' अक्षर तुझंच होतं, तेवढ्याने बरं वाटलं. ईस्टरच्या उपासनेला इथेच गेलो. गाणी तीच होती, पण शेजारी ओळखीचा खोकला नव्हता.

पाळकबाईंचा फोन आला होता. खटल्याबद्दल मी काही बोलणार नाही हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनी गावचंच सांगितलं. छतावर ताडपत्री आहे, ऑर्गनमध्ये पाणी गेलं ते गेलंच. आणि कर्टिसची आई, शेरिल सग्डन, अजून दर रविवारी येते. "तिच्या पुढच्या बाकावर कोणी बसत नाही, मागच्या नाही, तिच्या बाकावर तर नाहीच," त्या म्हणाल्या. "मी वेदीवरून बघते तेव्हा भरलेल्या तोंडातून एक दाढ काढल्यासारखं दिसतं. मी प्रवचनात शेजाऱ्यावर प्रेम करा म्हणाले, तर दारात गीतपुस्तकं वाटणारा हॉबडे मला म्हणतो, कुठल्या शेजाऱ्यावर ते नाव घेऊन सांगा!"

शेरिलने काय चोरलं? ती पबच्या स्वयंपाकघरात मटणाची भांडी घासते.

आता जे लिहितो ते लिहू की नको असं बरेच दिवस चाललंय. वाच किंवा फाडून टाक.

बऱ्याच वर्षांपूर्वी तू मला म्हणालीस, "गुरुवारी संध्याकाळी फोन करत जाऊ नकोस, मी कामात असते." मी कसलं काम ते विचारलं नाही. एकदा गुरुवारी कळवल्याशिवाय आलो, तेव्हा टेबलावर दोन ताटं होती आणि आर्नल्ड स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदलत होते. त्यांच्या पायांत चपला होत्या, बेल. घरातल्या चपला. आपण तिघं हवेबद्दल बोललो. पुढे त्या नळाचं काय झालं हेही मी कधी विचारलं नाही. तुझं तुझ्यापाशी असू द्यावं, असं मला वाटलं. ते बरोबर होतं की नुसतं सोपं होतं, हे मला आता सांगता येत नाही.

आर्नल्ड पडले तो दिवस गुरुवारच होता.

मिस्टर पेल यांनी 'नात्यातला?' असं विचारलं तेव्हा मी 'नाही' म्हणालो. चर्चच्या नोंदवहीप्रमाणे ते खरं आहे. 'हो' म्हणायचं तर तुझी गोष्ट त्यांच्या टेबलावर ठेवावी लागली असती. ती ठेवणारा मी कोण?

दफनाच्या दिवशी तू लोकांत मागे उभी होतीस, चर्चमध्ये फुलं लावणारी बाई म्हणून. फाटकाशी तू माझ्याजवळ एकच वाक्य बोललीस. "बेल ऐकली, म्हणून मी बटाटे उकडायला टाकले." मी मान हलवली. चर्चची संध्याकाळची बेल आर्नल्डच वाजवायचे. त्या दिवशी ती उशिरा वाजली, तीही अशी वेडीवाकडी की लोक दारात आले आणि त्यामुळेच आर्नल्ड सापडले, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. वर चढण्याआधी आर्नल्डनेच लोकांना सावध करायला दोर ओढला असणार, असं सगळे म्हणतात. तू मात्र ती बेल ऐकून समजलीस, की त्यांचं काम उरकलं, आता येतील.

आठवतं, शाळेत पोरं तुला 'बेल, वाज की!' म्हणून चिडवायची? त्यानंतर तू दाराबाहेर इझाबेल झालीस. बेल म्हणायला फक्त आई आणि मी. आई गेल्यावर मी एकटाच उरलो, असं मी धरून चाललो होतो.

तुझा,
ऑल्विन


लीड्स, १९ जून

प्रिय बेल,

निकाल तुला कळलाच असेल. शिसं चोरल्याचं कर्टिसने पहिल्या दिवशीच कबूल केलं होतं. त्यासाठी तो तुरुंगात जाईल. मनुष्यवधातून सुटला.

आता खटला संपला, आणि मी सांगणार आहे ते सगळं भर कोर्टात सर्वांदेखत झालेलं आहे. म्हणून आज लिहू शकतो.

आम्ही कारकून कोर्टात बसत नाही. खटला आमच्याकडे संध्याकाळी चहाबरोबर येतो. काल मिस ओडुया आल्या, कोर्टाच्या झग्याची पिशवी माझ्या टेबलावर टाकली आणि बूट काढून जॅनिसच्या खुर्चीत बसल्या.

"जॅनिस, तुझ्याकडे खायला काही आहे?"

"अर्धं सँडविच आहे. चीजचं. सकाळी चावलेलं."

"दे इकडे. या खटल्याने माझा जीव घेतला." खाता खाताच त्या मला म्हणाल्या, "ऑल्विन, तुमचं गाव. आता सांगायला हरकत नाही ना?"

"नाही, मिस."

त्यांनी सांगितलं ते असं. कर्टिसचा जोडीदार आर्नल्डना बघताच गाडी घेऊन पळाला. कर्टिस छतावर राहिला. आर्नल्ड खालून ओरडत वर चढत होते, "खाली ये रे, घसरशील, पाऊस पडून गेलाय!" आणि ओल्या गवतावर शिडीच सरकली. कर्टिस पाण्याच्या पाइपावरून उतरला, आपलं जाकीट त्यांच्या डोक्याखाली ठेवलं आणि अँब्युलन्सला फोन केला. तो फोन त्याने तिथेच, त्यांच्या छातीपाशी चालू ठेवला. त्यावरूनच तर दुसऱ्या दिवशी पोलीस त्याच्या दारात आले.

त्या फोनवरचं बोलणं कोर्टात ऐकवलं. तू तिथे होतीस, बेल. मिस ओडुया म्हणाल्या, "मागे एक बाई बसल्या होत्या. राखाडी टोपी, मांडीवर पर्स. रोज येत होत्या. लम यांचा आवाज आला, पहिलाच शब्द, आणि त्या उठून निघून गेल्या. परत आल्याच नाहीत. कोण होत्या कोण जाणे."

मी किटली ठेवायला उठलो. ती टोपी मी ओळखतो.

तू गेलीस, म्हणून पुढचं ऐकलं नाहीस. ते मी सांगतो. मिस ओडुयांना ते पाठ झालंय. त्यांनी सांगितलं तसंच लिहितो.

आर्नल्ड म्हणतात, "बेल... उशीर होईल म्हणावं... बेल..."

कर्टिस रडत असतो. तो म्हणतो, "बेल? बेल वाजवायची राहिली? वाजवतो काका, मी वाजवतो. तुम्ही हलू नका. हलू नका हां."

मग पळत गेलेले पाय. दार. आणि नंतर त्या फोनमधून, लांबून, बेल. ज्याने आयुष्यात कधी दोर धरला नाही अशा माणसाची बेल. पहिला टोल अर्धवट, मग दोन एकात एक, मग मोठी फट, मग पुन्हा.

पोलिसांनी त्याला पकडलं तेव्हा त्याचे दोन्ही तळहात सोललेले होते. फिर्यादी पक्षाचं म्हणणं, शिशाच्या पत्र्याने सोलले. मिस ओडुयांनी डॉक्टरांना एवढंच विचारलं, "पत्र्याने कापतं, की भाजल्यासारखं सोलतं?" डॉक्टर म्हणाले, "सोलणं दोराचं." मग त्यांनी ज्यूरीला विचारलं, की ज्याने एका माणसाला शिडीवरून ढकललं, तो पळून जायचं सोडून त्याची बेल कशाला वाजवत बसेल?

न्यायाधीश समारोपात म्हणाले, मरतानाही ज्याला चर्चच्या बेलची वेळ चुकल्याची चिंता होती, असा हा माणूस होता. सगळ्यांना ते पटलं. वर्तमानपत्रातही तेच छापून आलंय. 'म्हणावं' कुणाला, हे कुणी विचारलं नाही.

"किती साधी माणसं असतात ना, ऑल्विन," मिस ओडुया म्हणाल्या.

"हो, मिस."

"तुम्ही ओळखत होता त्यांना. असेच होते का?"

"वेळेचे पक्के होते," मी म्हणालो. जॅनिसने माझ्याकडे पाहिलं आणि, हे तिने कधी केलेलं मला आठवत नाही, स्वतः उठून मला चहा ओतून दिला.

म्हणजे तुला आणखी कुणीतरी बेल म्हणत होतं. मी एकटा नव्हतो. हे कळून मला दुःख होईल असं वाटलं होतं. झालं नाही. बरं वाटलं.

आणि ऐक. त्या पोराने निरोप चुकीच्या ठिकाणी नेला. जो समजला तो त्याने इमानाने नेला, तळहात सोलून नेला. पण तो पोहोचला, बेल. तू चुलीपाशी होतीस, तू ऐकलास, आणि बटाटे टाकलेस. आर्नल्डना एवढंच हवं होतं ना, की तू काळजी करत दाराकडे बघत बसू नयेस? तेवढा वेळ तू बसली नाहीस. मी स्तोत्रं वाचणारा माणूस आहे, यापेक्षा जास्त काही म्हणायला गेलो तर माझ्या तोंडी शोभणार नाही.

तुझ्या त्या टोमण्याचा मी सहा महिने विचार करतोय. रांगेजवळ उभा राहून हाका मारणारा. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना कुणाकुणाच्या शेजारी उभं केलं. चोरांच्या, मारेकऱ्यांच्या, एकदा एका बिशपच्या पुतण्याच्या. मी स्वतः कुणाच्या शेजारी गेलो नाही. तुझ्याही नाही. दफनाच्या दिवशी तू मागे एकटी उभी होतीस आणि मी पुढे, नातेवाइकांच्या नसलेल्या रांगेत, शिस्तीत.

मी एक ठरवलंय. ते आत्ता लिहीत नाही. ठरवून न केलेल्या गोष्टींची मला लाज वाटायला लागली आहे.

तुझा,
ऑल्विन


लीड्स, २९ जून

प्रिय बेल,

काल मी हेल्मर्बीला आलो होतो, हे तुला सांगायची गरज नाही. तू वेदीपाशी फुलं नीट करत होतीस आणि दार वाजलं तेव्हा वळून पाहिलंस. ती फुलं आर्नल्डच्या कुंपणावरची होती. वासावरून कळलं.

गीतपुस्तकं वाटत हॉबडे दारात होता. "या या, साहेब. गावाची आठवण झाली?" मी पुस्तक घेतलं. आणखी एक मागितलं. "दोन कशाला? डोळे चार झाले वाटतं लीड्सला जाऊन." मी आपल्या बाकापाशी आलो, आणि पुढे गेलो. हॉबडे मागून कुजबुजला, "अहो, तुमचं बाक इकडं राहिलं!"

"ठाऊक आहे," मी म्हणालो. ते बहुतेक मोठ्यांदा निघालं.

शेरिल तिसऱ्या बाकावर होती. कोट घालूनच बसली होती, लगेच निघून जायचं असल्यासारखी. मी विचारलं, "इथे मोकळं आहे का?"

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पुढच्या रिकाम्या बाकाकडे, मग मागच्या. "डोळे आहेत ना तुम्हाला?"

"आहेत. तरी विचारायची सवय आहे."

"त्या वकिलांच्या ऑफिसातले ना तुम्ही? पोराचं काही आहे का?"

"नाही. पोराचं काही नाही. मी उपासनेला आलोय."

तिने पिशवी उचलून पायाशी ठेवली. "बसायचं तर बसा. पण कीव करायला आला असाल तर लांब बसा. आणि मला गाता येत नाही."

"मलाही येत नाही," मी म्हणालो आणि तिच्या हातात ते दुसरं पुस्तक दिलं.

मग बेल वाजली. आता हॉबडेचा भाचा वाजवतो ना? सरळ, एकसारखी. शेरिलने मान खाली घातली आणि आपले तळहात उघडून पाहिले. ती काय बघत होती ते मला कळलं. तुलाही कळलं असतं. तू तेव्हा उभी होतीस, हातात पाण्याचं भांडं धरून, आणि आमच्याकडेच बघत होतीस.

तू आपल्या बाकावर जाऊन बसलीस. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. उपासना संपल्यावर मी तुझी वाट पाहिली नाही, कारण मला बसमध्येच हे पत्र सुरू करायचं होतं.

पुढच्या रविवारी मी येणार आहे. त्याच्या पुढच्याही. कालच भिंतीकडे सरकून बसलो आणि शेरिललाही सरकायला लावलं. ती कुरकुरली, पण सरकली.

मधल्या वाटेकडची जागा मोकळी आहे.

तुझा,
ऑल्विन